मामीची उघड्या टपाची गाडी

आमच्या मामांना कुठलंही दार सरळ उघडता येत नाही. आधी ते त्याच्याकडे जरा वेळ बघतात, मग बिजागरीवरून बोट फिरवतात, मग उघडतात, आणि आत गेल्यावर वळून ते नीट लागलं का हे तपासतात. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी हेच. बत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्याचा परिणाम. "लिफ्टला दहा आजार होतात, त्यातले नऊ दाराचे," असं ते म्हणतात. दहावा कोणता, म्हणून मी एकदा विचारलं. मामा म्हणाले, "तुझ्यासारखी माणसं. बटण दाबून दाबून जीव घेतात बिचारीचा."

नोकरीसाठी मी गाव सोडून त्यांच्याकडे राहायला आलो त्याला तीन वर्षं झाली. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, बावन्न पायऱ्या, आणि इमारतीला लिफ्ट नाही. लिफ्टवाल्याच्याच घराला लिफ्ट नाही, यावर मी पहिल्या आठवड्यात एक विनोद केला. मामी तेव्हा कठड्याला धरून दुसऱ्या मजल्यावर थांबली होती. म्हणाली, "अरे, हा विनोद मी चोवीस वर्षं रोज चढतेय. वर पोचेपर्यंत हसू संपतं."

मामी मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत होती. धुतलेल्या ओलसर चादरी तापलेल्या रोलरमध्ये सोडायच्या, हे तिचं काम. चादरीचं एक टोक मामीच्या हातात, दुसरं शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या हातात. दोघींनी एकदम ताणायची, एकदम सोडायची, नाहीतर चादर तिरकी जाते आणि सगळं थांबवावं लागतं. सव्वीस वर्षं जोडीला तीच एक बाई. मामी तिला 'माझं दुसरं टोक' म्हणते. "आज दुसरं टोक आलं नव्हतं, दिवसभर नव्या बाईबरोबर तिरक्या चादरी काढल्या," असं घरी येऊन सांगते. त्या खात्यात खुर्ची ठेवायची नाही असा नियम. बसलेल्या बाईचं लक्ष उडतं आणि बोटं भाजतात, असा कुणा जुन्या साहेबांचा समज होता. साहेब गेले, समज राहिला. सव्वीस वर्षांत मामीच्या गुडघ्यांनी वाकायचं हळूहळू सोडून दिलं. ती जिना उतरायला लागली की गुडघ्यांचा आवाज यायचा आणि मामा आतून म्हणायचे, "डावीकडचं पुन्हा बोलायला लागलं गं." मामी जिन्यातून म्हणायची, "बोलू दे. घरात कुणीतरी बोलतंय."

कारण बोलणं तसं कमीच. मी आलो तेव्हा मामाही नोकरीत होते. संध्याकाळी दोघं पोचत आणि आपापल्या खुर्चीत पडत. पाण्याचा माठ तीन पावलांवर. दोघांनाही तहान लागलेली असे आणि दोघंही दुसरा उठायची वाट बघत. भांडण नाही, तंटा नाही, नुसती वाट. शेवटी मी उठायचो. त्या घरात माझी खरी नोकरी तीच होती, असं मला कधीकधी वाटतं.

गेल्या वर्षी मामा निवृत्त झाले. कंपनीने भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते लावायला मामा स्टुलावर चढले, उतरले, आणि नंतर आठवडाभर झोपून होते. नवव्या दिवशी उठले, चहा घेतला आणि कपाटावरचा फोटो खाली काढला.

हा फोटो म्हणजे त्या घरातली एकमेव चैनीची वस्तू. लग्नानंतर आठवड्याने एका स्टुडिओत काढलेला. पुठ्ठ्याची मोटार, जुन्या काळची, उघड्या टपाची. दिवे डोळे वटारल्यासारखे, बॉनेट लांबलचक. मामांच्या हातात स्टिअरिंग, शेजारी मामी, दोघांचीही मान ताठ. मोटारीच्या मागून फक्त छातीपासून वरचा भाग दिसतो, त्यामुळे दोघं खरंच कुठेतरी निघाल्यासारखी वाटतात.

"फोटो झाला तरी ही उठेना," मामा मला म्हणाले. हे ते मला चौथ्यांदा सांगत होते. "स्टुडिओवाला दोनदा म्हणाला, झाला ताई, या. हिचं लक्षच नाही. इतकी रमली होती त्या गाडीत. तेव्हाच मी ठरवलं होतं, एक दिवस हिला अशी गाडी घ्यायची."

"आणि मग?"

"मग काय, मग लिफ्ट."

या वर्षी मामीची निवृत्ती होती. महिन्याचा शेवटचा शनिवार. मामांच्या डोक्यात असं होतं, की शेवटच्या दिवशी लाँड्रीच्या फाटकासमोर ही गाडी उभी असेल, मामी बाहेर येईल, सगळ्या बायकांदेखत तीत बसेल, आणि बसस्टॉपकडे न बघता घरी येईल. एवढंच. बत्तीस वर्षं लोकांना वर-खाली नेलेल्या माणसाला आपल्या बायकोला एकदा सरळ रेषेत न्यायचं होतं. मला त्यात काही चूक दिसली नाही. आजही दिसत नाही.

खरी जुनी मोटार आमच्या सात पिढ्यांना परवडली नसती. पण शहराबाहेर एक मिस्त्री होता, तो भंगारातल्या छोट्या गाड्यांच्या सांगाड्यावर फायबरची बॉडी चढवून जुन्या मोटारींच्या नकला बनवायचा. दुकानांच्या दारात उभ्या करायला, जाहिरातींना, समारंभांना. सगळे त्याला 'हुबेहूब' म्हणत, कारण प्रत्येक वाक्यात तो एकदा तरी हा शब्द म्हणायचा. मामांनी त्याला फोटो दिला. त्याने चष्मा लावला, चष्मा काढला, भिंग घेतलं.

"हुबेहूब अशीच पाहिजे?"

"अशीच. एक रेघ इकडची तिकडे नको."

"रंग?"

"फोटो काळापांढरा आहे हो."

"ते दिसतंय मला. म्हणून विचारतोय."

मामांना रंग आठवेना. बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, "हिरवा असावा." मिस्त्रीने वहीत 'हिरवा असावा' असंच लिहून घेतलं.

"फोटोत एकच बाजू दिसतेय. दुसरी कशी करू?"

"हिच्यासारखीच," मामा म्हणाले.

मिस्त्री माझ्याकडे वळला. "तुमचं काय म्हणणं, शिकलेले दिसताय?"

मी म्हणालो, "मामा म्हणतात तसंच." शिकलेल्या माणसाने करायचं तेवढं मी केलं.

मग साडेतीन महिने मामा दर आठवड्याला तिकडे जाऊन बसायचे. त्यांचं सगळं लक्ष टपावर. कापडी टप मागे दुमडता आला पाहिजे, फारसा जोर न लावता. त्याच्या स्प्रिंगा मामांनी स्वतः निवडल्या, स्वतः ग्रीस लावलं, ऐंशी वेळा टप उघडून-मिटून बघितला. घरी मामीला सांगायचे, "जुन्या कंपनीत बोलावलंय, नव्या पोरांना शिकवायला." मामी म्हणायची, "शिकवा. पण कपड्यांना हिरवा रंग कशाने लागतो ते शिकून या." किती पैसे लागले ते मी विचारलं नाही. मामा एकदाच म्हणाले, "घड्याळ सोडून सगळं."

बुधवारी गाडी तयार झाली. शनिवार शेवटचा दिवस. मी अर्धी रजा काढून मामांबरोबर गेलो. मिस्त्रीने ताडपत्री ओढली.

गाडी सुंदर होती, हे कबूल केलं पाहिजे. हिरवी, लांब बॉनेटची, डोळे वटारलेली. फोटोतली मोटार पुठ्ठ्यातून उठून आल्यासारखी. मामांनी खिशातून रुमाल काढला, हात पुसले, पुढे झाले आणि दाराच्या मुठीला हात घातला.

हात सरकला. पुन्हा घातला. पुन्हा सरकला. मामा खाली वाकले.

मूठ रंगवलेली होती. उजेड पडल्यासारखी पांढरी रेघ, खाली सावलीसुद्धा. दाराची चौकट म्हणजे चारी बाजूंनी ओढलेली बारीक काळी रेघ. मामांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं, बिजागरी शोधतात तसं, आणि बोट सगळीकडून गुळगुळीत फिरून परत आलं. मग ते दुसऱ्या बाजूला गेले. ती हिच्यासारखीच होती.

"दार कुठंय?" मामांनी विचारलं.

"दार फोटोत कुठंय?" मिस्त्रीने विचारलं. त्याने भिंग आणून दिलं. "बघा ना. पुठ्ठ्यावर रंगवलंय. हुबेहूब तसं केलं. तीन दिवस नुसती सावली काढत होतो मी."

"अहो, पण माणसाने आत जायचं कसं?"

"पाय टाकून. जुन्या गाड्या असायच्या अशा बिनदाराच्या. पोरं उडी मारून बसतात, मजा येते त्यांना." मिस्त्रीने मामांकडे नीट बघितलं. "कुणासाठी आहे?"

"हिच्यासाठी," मामा म्हणाले, आणि तिथल्या टायरांच्या ढिगावर बसले.

दार कापता येणार नव्हतं. फायबरच्या बॉडीचा सगळा जोर त्या अखंड बाजूंत असतो. कापलं की मधून वाकणार. आतून लोखंडाची चौकट बसवायची तर महिना तरी लागणार. मिस्त्रीला वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त वाईट त्याला सावलीचं वाटत होतं.

"बत्तीस वर्षं," मामा परतताना म्हणाले. गाडी ते स्वतः चालवत होते. कंपनीची हत्यारांची व्हॅन त्यांनी वर्षानुवर्षं चालवलेली. आत शिरताना मात्र ते एक पाय आत, एक पाय बाहेर असे अडकले होते, आणि मी मागून ढकललं होतं. "बत्तीस वर्षं कुठल्याही लिफ्टपाशी गेलो की पहिलं काय बघायचो? सांग."

"दार."

"आणि इथे मी टप बघत बसलो."

 

गाडी मागच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याकडे झाकून ठेवली. दोन दिवस मामांनी उपाय काढले. नोकरीतली त्यांची तीन पायऱ्यांची घडीची शिडी होती, ती बाहेरून लावायची आणि आत सीटपाशी पाय टेकायला चहाची रिकामी पेटी ठेवायची. मला मामी बनवून सहा वेळा चढवलं. सहाव्यांदा मी म्हणालो, "मामा, माझे गुडघे वाकतात."

"तू जरा कमी वाकव."

शनिवारी दुपारी चारला आम्ही फाटकासमोर होतो. टप उघडा, शिडी मागच्या सीटवर. बायका बाहेर यायला लागल्या, गाडी बघून थांबायला लागल्या. मामी जवळजवळ शेवटी आली. एका हातात पिशवी, दुसरा हात दुसऱ्या टोकाच्या हातात. दोघी चादर धरल्यासारख्या एका अंतरावर, एका चालीने चालत होत्या. रडून झालेलं दिसत होतं.

मामीने गाडीकडे बघितलं, मग मामांकडे, मग माझ्याकडे.

"कुणाची?"

"तुझी," मामा म्हणाले. साडेतीन महिने तयार केलेलं भाषण होतं, त्यातला एवढाच शब्द बाहेर आला.

बायकांनी एकच गलका केला. दुसरं टोक म्हणालं, "अगं बाई! आमच्या ह्यांनी निवृत्तीला मला काय दिलं माहितेय? त्यांची औषधं आणायची यादी!" सगळ्या हसल्या. मामीही जराशी हसली आणि गाडीला फेरी मारायला लागली. एका बाजूने मूठ चाचपून झाली. दुसऱ्या बाजूने चाचपून झाली. पुन्हा पहिल्या बाजूला आली.

"अहो, चढायचं कुठून?"

मामांनी शिडी लावली. मामीने कठडा शोधला. शिडीला कठडा नव्हता, म्हणून मामांचा खांदा धरला. पहिली पायरी झाली. दुसरी झाली. तिसरीवरून पाय उचलून बाजूवरून आत टाकायचा होता. मामीने पाय उचलला. तो उठला तेवढा उठला आणि अधांतरी थांबला. गुडघा बोलला, सगळ्यांना ऐकू आला.  मामीने पाय खाली घेतला, पुन्हा उचलला, पुन्हा घेतला.

"असू दे," ती म्हणाली आणि उलट्या पायांनी उतरली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "मी बसने येते. तुम्ही व्हा पुढे."

"अगं, मी उचलून..."

"चारचौघांत? आणि तुमची कंबर कोण उचलेल?"

बस आली. दुसऱ्या टोकाने तिला आधार देऊन चढवलं. बसला दार होतं, खालची पायरी होती, धरायला दांडा होता. बत्तीस वर्षांचा अनुभव घेऊन मामा ते सगळं बघत उभे राहिले. मग मला म्हणाले, "बस आत."

आम्ही पुढे गेलो नाही. मामांनी गाडी बसच्या मागे घेतली. बस थांबली की आम्ही थांबायचो, बस निघाली की निघायचो. अकरा थांबे. मागच्या काचेतून मामी दिसत होती, उभी. शेवटच्या दिवशीही जागा मिळाली नव्हती. पाचव्या थांब्यावर तिने मागे वळून बघितलं आणि हाताने 'पुढे जा' अशी खूण केली. मामांनी मान हलवली आणि गेले नाहीत. रस्त्यावरची माणसं आमच्याकडे बघून हात हलवत होती. अशा गाडीतल्या माणसांनी हात हलवायचा असतो, म्हणून मी हलवत होतो.

घरी बावन्न पायऱ्या. वर गेल्यावर दोघं खुर्च्यांत पडली. मी पाणी दिलं.

"वेडे आहात," पाणी पिऊन झाल्यावर मामी म्हणाली.

"हं," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मामा पुन्हा गायब. या वेळी कुठे जातात ते लपवलं नाही, पण सांगितलंही नाही. त्यांच्या एका जुन्या इमारतीतली पहिल्या जमान्यातली लिफ्ट मोडीत काढत होते. तिचा दरवाजा म्हणजे लोखंडी पट्ट्यांची सरकती जाळी, ओढली की आकसून एका कडेला गोळा होणारी. ती मामांनी मागून आणली. मग गॅरेजात तीन आठवडे ठाकठोक. बॉडीवर भार येऊ नये म्हणून चासीला लोखंडाची चौकट बोल्ट केली, डावी बाजू कापली आणि त्या चौकटीत जाळी बसवली. कापायला मिस्त्रीला बोलावलं होतं. त्याने सावलीवरून करवत फिरवली आणि नंतर जाळीकडे बघून म्हणाला, "हे मी केलं असं कुणाला सांगू नका." मामांनी खाली एक रुंद पायरी लावली, आत एक दांडा. बसमध्ये असतो तसा.

गाडी आता कशाचीच नक्कल राहिली नव्हती. पुढून साहेबाची मोटार, बाजूने सरकारी इमारतीची लिफ्ट. गल्लीतल्या एकाने मला विचारलं, "कितव्या मजल्यापर्यंत जाते?"

रविवारी दुपारी मामांनी ती इमारतीच्या आवारात, पाण्याच्या टाकीशेजारच्या सावलीत आणून लावली आणि मामीला खाली बोलावलं. मामी उतरली. जाळीकडे बघितलं. काही न विचारता मूठ धरली आणि ओढली. खर्रर्र करत जाळी आकसली. अशा जाळ्या तिने हॉस्पिटलात हजारदा ओढल्या होत्या. पायरीवर एक पाय, दांड्याला हात, दुसरा पाय. आत. बसली. पाय लांब केले.

मामा दुसऱ्या बाजूने एक पाय टाकून चढले, कारण तिकडे अजून रंगवलेलंच दार होतं. स्टिअरिंगला हात लावला. "कुठे जायचं?"

"कुठे म्हणजे?"

"तू म्हणशील तिथे. त्या दिवशी फोटो झाला तरी तू उठत नव्हतीस. इतकी आवडली होती तुला गाडी."

मामी जरा आठवत राहिली. "गाडी कुठली हो. त्या पुठ्ठ्यामागे बाक होता. आठ दिवस तुमच्याकडच्या माणसांच्या पाया पडत, वाढत, उभीच होते मी. पहिल्यांदा बसायला मिळालं होतं."

मामांनी स्टिअरिंगवरचे हात काढले. मी टाकीपाशी उभा होतो. मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. पण त्यांनी सीटखालचा खटका ओढून मामीच्या सीटची पाठ मागे केली. तो खटका कधी बसवला होता कोण जाणे.

"मग बस," ते म्हणाले.

"बसलेय की."

टाकीतून थेंब पडत होते. थोड्या वेळाने मामीचं डोकं एका कडेला झुकलं. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर, बोटं अजून काहीतरी धरल्यासारखी. झोपली होती.

तिच्या बाजूची जाळी चार बोटं उघडी राहिली होती. ते मामांना दिसलं. मला दिसलं की ते मामांना दिसलं. उघडं दार बत्तीस वर्षं त्यांच्या डोळ्यांत सलत आलेलं. त्यांनी तिच्यावरून जाळीकडे हात नेला, मूठ धरली. ही जाळी लावताना केवढा आवाज करते ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार.

मुठीवरचा हात त्यांनी अलगद काढून घेतला. मग तेही मागे टेकले. मला खूण केली, पाण्याची. मी बावन्न पायऱ्या चढायला लागलो.